मॉरिशसमधील तंत्रज्ञान-मेळावे आणि गावातले कार्यक्रम : नव्याने राहायला येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

कोथरूडचा_रहिवासी

नमस्कार.

पत्नीच्या नोकरीच्या निमित्ताने येत्या जून महिन्यात आम्ही पुण्याहून मॉरिशसला राहायला जात आहोत. तिचे कार्यालय एबेनच्या सायबर सिटीत आहे. मी मात्र सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळण्याचे सध्याचेच काम घरी बसून करणार आहे. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून सहकारी मिळतील आणि मला फक्त स्क्रीन मिळेल. नव्या गावात ओळखी करायच्या तर घराबाहेर पडावे लागते, आणि माझ्यासारख्या काहीशा बुजऱ्या माणसाला बाहेर पडायला आजवर उपयोगी पडलेले एकमेव निमित्त म्हणजे तंत्रज्ञानाचे छोटे मेळावे. पुण्यात शनिवारी सकाळी कुठल्या तरी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात पायथॉन, लिनक्स, पोस्टग्रेस यांपैकी काही ना काही चाललेले असतेच, आणि व्याख्यानापेक्षा नंतरच्या चहापाशी जास्त शिकायला मिळते, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव असेल.

मॉरिशसविषयी शोधले की समुद्रकिनारे, हॉटेले आणि करसवलती यांचीच माहिती पानोपानी मिळते. तिथे राहणारे संगणक-व्यवसायातले लोक एकमेकांना कुठे आणि कधी भेटतात, हे मेळावे खरोखरच हौसेने भरतात की कंपन्यांच्या जाहिरातीपुरते असतात, फ्रेंच येत नसेल तर माणूस एका कोपऱ्यात बसून राहतो का, हे समजून घ्यायचे आहे.

आणखी एक गोष्ट मनात आहे. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, हे ऐकून होतो. संगणकावर आणि फोनवर देवनागरी लिहिणे, जुनी गाणी किंवा कागदपत्रे नीट साठवून ठेवणे अशा विषयांवर एखादी कार्यशाळा घेता येईल का, आणि मुख्य म्हणजे असे काही तिथल्या लोकांना हवे आहे का? बाहेरून आलेल्या माणसाने जाताक्षणी कार्यशाळा जाहीर करणे आगाऊपणाचे ठरू नये, म्हणून आधी विचारतो आहे.

रोझहिलकर

बरीच वर्षे इथे आहे, एबेनमध्येच नोकरी करतो, तेव्हा पहिल्या भागाचे उत्तर मी देतो. मराठी समाजाविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे लोक या चर्चेत येतीलच.

मेळावे होतात, आणि त्यांतले चांगले मेळावे हौसेनेच चालतात. मात्र पुण्याचा हिशेब इथे लावू नका. बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा होते त्याच्या तिपटीहून थोडी जास्त. पण सगळ्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात, म्हणजे एकट्या पिंपरी-चिंचवडपेक्षाही कमी. यातले प्रोग्रॅमिंग करणारे किती, त्यांपैकी शनिवारची झोप मोडून येणारे किती, याचा अंदाज तुम्हीच करा. परिणाम असा होतो की पायथॉनच्या बैठकीत जो मुलगा भेटतो तोच पुढच्या महिन्यात लिनक्सच्या बैठकीत प्रोजेक्टरची वायर शोधत असतो, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात एखाद्या कंपनीत तुमची मुलाखत घेणारा तोच निघतो. इथे फार काळ नुसते श्रोते म्हणून राहता येत नाही. दोन-तीनदा दिसलात की तुम्ही कशावर बोलणार, असा प्रश्न येतो, आणि माझ्या मते बुजऱ्या माणसासाठी हे पुण्यापेक्षा बरे आहे, कारण शंभर जणांच्या गर्दीत स्वतःहून पुढे होण्याची वेळच येत नाही.

नावे सांगतो. 'मॉरिशस सॉफ्टवेअर क्राफ्ट्समनशिप कम्युनिटी' हा गट २०१३ पासून आहे. २०१५ पासून 'डेव्हलपर्स कॉन्फरन्स' भरवतो तो हाच. बेटावरचा सर्वांत भरगच्च आणि सर्वांत मनमोकळा तंत्रज्ञान-मेळावा तोच असे मी म्हणेन. विद्यार्थी, बँकांचे प्रोग्रॅमर, परदेशातून आलेले वक्ते, सगळे एकाच मांडवाखाली दिसतात. याशिवाय पायथॉनचा, लिनक्सचा, फ्रंट-एंड करणाऱ्यांचा असे वेगवेगळे गट आहेत, आणि रेद्युईला मॉरिशस विद्यापीठात विद्यार्थ्यांचे कार्यक्रम होत असतात.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यामुळे लहान जागेचा फायदा कळतो. 'हॅकर्स डॉट एमयू' नावाचा इथल्या तरुणांचा एक गट होता, जो पुढे 'सायबरस्टॉर्म डॉट एमयू' या नावाने काम करू लागला. इंटरनेटचे नियम जिथे ठरतात त्या आयईटीएफच्या बैठका सिंगापूर, लंडन अशा ठिकाणी होतात आणि तिथे जाण्याचा खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्यातला नसतो. या मंडळींनी बेटावरच एकत्र बसून त्या बैठकांच्या हॅकाथॉनमध्ये दुरून भाग घेतला, आणि टीएलएस १.३ हा सुरक्षित जोडणीचा नवा प्रोटोकॉल ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर होण्याच्या आधीच्या काळात, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तो बसवून पाहण्याच्या कामाला हात लावला. गटाचे एक प्रमुख लोगनादेन वेल्विन्द्रॉन यांचे नाव डिसेंबर २०१७ मधल्या आरएफसी ८२७० वर आहे (आरएफसी म्हणजे आयईटीएफचे क्रमांक दिलेले नियमपत्रक). एसएसएचमध्ये, म्हणजे दुरून सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करण्याच्या पद्धतीत, सांकेतिक चाव्यांची देवघेव करताना किमान २०४८ बिटांचा आकार वापरावा, अशी शिफारस त्यात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये टीएलएस १.२ मधल्या सह्यांसाठी एमडी-५ आणि शा-१ या जुन्या, कमकुवत पद्धतींना रजा देणारा आरएफसी ९१५५ निघाला, त्यावरही त्यांचे नाव आहे. तुम्ही सर्व्हर सांभाळता म्हणजे हे दोन्ही बदल तुमच्या मशीनपर्यंत पोहोचलेले असणार.

इथल्या बैठकांत कोणते विषय रंगतात, हेही जागेवरून ठरते. बेटावरचे इंटरनेट समुद्रतळाच्या केबलींवर उभे आहे. दक्षिण आफ्रिका आणि मलेशिया यांना जोडणारी, वाटेत इथे आणि कोचीला टेकणारी 'सेफ' केबल २००२ पासून आहे, मादागास्कर आणि रेयुनियनकडची 'लायन' २००९ पासून, आणि 'मेटिस' २०२१ पासून. रॉड्रिग्ज हे आमच्याच देशाचे दुसरे बेट, पण तिथे केबल पोहोचली ती २०१९ मध्ये. तोवर तिथल्या लोकांचा भरवसा उपग्रहावर होता. मोठ्या क्लाउड कंपन्यांचे जवळचे डेटा सेंटर म्हणजे जोहान्सबर्ग, केप टाउन किंवा मुंबई. त्यामुळे कॅशिंग, म्हणजे वारंवार लागणारा डेटा जवळ साठवणे, कुठे करायचे, वापरणारा आणि डेटाबेस यांच्यामध्ये समुद्र असेल तर किती फेऱ्या वाचवायच्या, केबल तुटली तर काय, या गोष्टींवर इथे तावातावाने चर्चा होते. तुमचा विषय डेटाबेस असेल तर पहिल्या भाषणाचा मसाला तुमच्याकडे तयारच आहे. शिवाय आफ्रिका खंडाला आयपी पत्ते वाटणाऱ्या 'आफ्रिनिक' या संस्थेचे मुख्यालयही एबेनलाच आहे. तिच्यामुळे आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीसारख्या विषयातली जाणती माणसे या लहानशा गावात सहज भेटतात.

भाषेची काळजी करू नका. स्लाइड इंग्रजीत, भाषण बहुधा इंग्रजीत, आणि मध्यंतरात सगळे क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंचपासून घडलेल्या बोलीत. त्या वेळी तुम्हाला काही कळणार नाही, पण तुम्ही जवळ गेलात की लोक न सांगता इंग्रजीवर येतात. क्रेओल कानावर पडत राहील तसे वर्षभरात अर्धे समजू लागते. बोलणे मात्र ज्याच्या त्याच्या धारिष्ट्यावर.

तारखांचे मात्र नीट समजून घ्या. डिसेंबर ते मार्च या काळात मोठा कार्यक्रम ठरवायला कोणी धजत नाही, कारण तो चक्रीवादळांचा ऐन मोसम. वादळाच्या इशाऱ्यांचे चार वर्ग आहेत. पहिला वर्ग जाहीर झाला की लोक पाव, पाणी आणि मेणबत्त्या घ्यायला दुकानात जातात, आणि तिसरा लागला की बस, कचेऱ्या सगळे बंद होऊन माणसे घरात बसतात. १५ जानेवारी २०२४ रोजी 'बेलाल' वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या होत्या. त्यानंतर महाशिवरात्र येते. तेव्हा लाखो लोक कावडी घेऊन गंगा तलावाकडे चालत निघतात, आणि ते चार-पाच दिवस बेटाच्या मध्यभागातून कुठे वेळेवर पोहोचणे ही नशिबाची गोष्ट असते. सप्टेंबरच्या ८ आणि ९ तारखेला पेर लावाल या कॅथलिक धर्मगुरूंच्या समाधीकडे अशीच रात्रभर रीघ लागते, आणि तिच्यात केवळ ख्रिस्ती लोक नसतात. थोडक्यात, एखादा मेळावा कधी आहे हे पाहताना आधी सुट्ट्यांची यादी पाहायची, मग विषय पाहायचा, अशी आमची सवय झाली आहे.

घर घेताना मेट्रोचा विचार करा, एवढे जाता जाता सांगतो. पोर्ट लुई ते रोझ हिल हा पहिला टप्पा जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला, २०२२ मध्ये गाडी क्युरपीपपर्यंत गेली, आणि जानेवारी २०२३ पासून रोझ हिलहून एबेनमार्गे रेद्युईला फाटा निघतो. बसगाड्या संध्याकाळी लवकर थांबतात. गाडी नसलेल्या माणसाला किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलातल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला जाणे सोपे असते, परतणे नसते.

परतलेला_पुणेकर

रोझहिलकरांचे उत्तर मनापासून पटले, पण चित्र थोडे अधिकच उजळ झाले आहे असे वाटते. मी तिथे काही वर्षे राहून परत आलो. लहान जागेचा जो फायदा त्यांनी सांगितला त्याची दुसरी बाजू अशी की एखादा गट एक-दोन माणसांच्या उत्साहावर उभा असतो आणि तो माणूस पॅरिस, लंडन किंवा टोरोंटोला नोकरीसाठी गेला की गट बसतो. पान इंटरनेटवर तसेच राहते, सदस्यसंख्याही दिसत राहते, पण बैठक झालेली नसते. तेव्हा कुठल्याही गटात नाव घालण्यापूर्वी शेवटची बैठक कधी झाली तेवढे पाहा.

दुसरे म्हणजे 'इन्फोटेक'. नॅशनल कॉम्प्युटर बोर्डाने वर्षानुवर्षे भरवलेले हे प्रदर्शन 'पाय' (Pailles) नावाच्या गावातील स्वामी विवेकानंद आंतरराष्ट्रीय संमेलन केंद्रात होत असे आणि त्याला प्रचंड गर्दी असायची. परंतु ती गर्दी लॅपटॉप आणि फोन सवलतीत घेणाऱ्या कुटुंबांची. घरच्यांना घेऊन जायला उत्तम. तिथे समानधर्मी माणसे भेटतील ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

बेटावर सर्वांना तुमची कंपनी आणि तुमचा साहेब माहीत असतो, हेही लक्षात असू द्या. पुण्याच्या मेळाव्यात आपण आपल्या व्यवस्थेतल्या गफलती रंगवून सांगतो आणि लोक हसतात. तिथे पहिल्या रांगेत तुमच्या ग्राहकाचा मेहुणा बसलेला असू शकतो.

कोथरूडचा_रहिवासी

दोघांचेही आभार. महाशिवरात्र आणि वादळे यांचा मेळाव्यांच्या तारखांशी असा संबंध असेल हे इथे बसून कधी सुचले नसते. समुद्राच्या पलीकडच्या डेटाबेसवर बोलण्याची कल्पना आवडली. टिपणे काढायला घेतो आहे.

मराठी कार्यशाळेविषयी कोणी सांगू शकेल का? माझ्या मनात आहे ती अगदी साधी गोष्ट : शनिवारची एक दुपार, पंधरा-वीस माणसे, ज्याचा त्याचा फोन किंवा लॅपटॉप, आणि शेवटी प्रत्येकाने देवनागरीत काहीतरी लिहून जपून ठेवलेले असावे.

कास्कावेलची_शिक्षिका

नमस्कार. मी मॉरिशसमध्येच जन्मले आणि शाळेत मराठी शिकवते. माझे पूर्वज कोकणातून आले. आपल्या प्रश्नातला संकोच मला आवडला, कारण महाराष्ट्रातून येणारे पाहुणे आमच्याकडे पुष्कळदा भाषण घेऊन येतात आणि प्रश्न घेऊन क्वचित येतात.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. १८३४ पासून भारतातून करारावर मजूर येऊ लागले, आणि पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि २ नोव्हेंबरला त्या आगमनाच्या स्मरणार्थ सार्वजनिक सुट्टी असते. आमचे लोक मुंबई बंदरातून आले आणि त्यांतले बरेचसे पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर भागात उसाच्या मळ्यांवर राहिले. इथला पहिला गणेशोत्सव १८९६ साली कास्कावेलला झाला, असे आमच्याकडे सर्वत्र सांगितले जाते. आज गणेशोत्सवाची सार्वजनिक सुट्टी असते, आणि आपल्याला गंमत वाटेल, ती बहुतेक वेळा चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी असते, कारण आमच्याकडे मुख्य गर्दी दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाला होते. त्या दिवशी नदीकाठी आणि समुद्रावर ढोलकी, झांजा आणि झाकरी. कोकणातले जाखडी नृत्य आमच्याकडे झाकरी या नावाने टिकले आहे, आणि गणपतीच्या आधीचे काही आठवडे गावागावांत संध्याकाळी त्याची तालीम चालते. त्या आठवड्यांत आपण कार्यशाळा ठेवलीत तर पंधरा सोडा, पाच माणसेही येणार नाहीत. विसर्जन झाल्यावर ठेवा. तेव्हा नुकतीच म्हटलेली गाणी सर्वांच्या ओठांवर असतात.

कार्यशाळा हवी आहे का, याचे उत्तर हो असे आहे, पण आपण मनात धरली आहे त्याहून थोडी वेगळी. आमची मुले प्राथमिक शाळेपासून मराठी हा विषय घेऊ शकतात. मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत, जी १९७० साली स्थापन झाली, पुढचे शिक्षणही मिळते. वहीत ती सुंदर देवनागरी लिहितात. पण फोन हातात घेतला की तीच मुले मराठी निरोप फ्रेंच वळणाच्या रोमन अक्षरांत लिहितात, आणि फोन त्यांचे शब्द सुधारून फ्रेंच शब्द करून टाकतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजीला 'बरी आहेस का' असे विचारायला घेतले, तर फोनने त्याचे पॅरिसच्या रस्त्यासारखे काहीतरी केले आणि सगळा वर्ग हसला. त्यांना देवनागरी कळफलक फोनमध्ये आधीपासूनच आहे हे कोणी दाखवलेले नसते; तो चालू करणे, जोडाक्षर कसे उमटते ते पाहणे, बोलून लिहिण्याची सोय आजमावणे, एवढ्यानेही अर्धी दुपार जाईल आणि ती सत्कारणी लागेल. घरी बोलायची भाषा क्रेओल आहे. तेव्हा मुलांच्या मराठीत चुका निघाल्या तर त्या तिथेच सुधारू नका; माझे वर्षभराचे काम त्या एका दुपारी उलटे फिरेल.

झाकरीची गाणी हा दुसरा भाग. म्हाताऱ्या माणसांच्या वह्यांत ती आहेत. काही देवनागरीत, काही रोमन अक्षरांत, काही नुसत्या पहिल्या ओळी, कारण पुढचे पाठ असते. ही गाणी ध्वनिमुद्रित करून, शब्द देवनागरीत उतरवून, गायकाचे आणि गावाचे नाव लिहून ठेवणे हे काम आमच्यातले काही तरुण आपापल्या परीने करतात, पण फायलींची नावे, जागा, प्रती यांची शिस्त नाही. डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाचा आम्हाला खरा उपयोग इथे आहे. अनेकांकडचे ध्वनिमुद्रण ज्या फोनमध्ये केले त्याच फोनमध्ये असते, आणि फोन समुद्रात पडला की गाणे संपते. विसर्जनाच्या दिवशी फोन समुद्रात पडणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही.

तिसरी गोष्ट कठीण आहे, पण ती ऐकून आपले डोळे चमकतील. महात्मा गांधी संस्थेत भारतीय आप्रवासींची दप्तरे ठेवली आहेत : जहाज, आगमनाची तारीख, वय, गाव, आणि पुढच्या काळातल्या अनेक नोंदींना छायाचित्रेही. लोक तिथे जाऊन पूर्वजांची नोंद मागतात. नोंदी मराठी कानाने झालेल्या नाहीत. इंग्रज आणि फ्रेंच कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, त्यामुळे एकाच गावाची आणि एकाच आडनावाची अनेक रूपे दिसतात. माझ्या स्वतःच्या घराण्याचे गाव रत्नागिरीकडचे आहे इतके कळले, पुढे वाट थांबली. ज्यांना आपल्या कुटुंबाचा उतारा मिळाला आहे त्यांनी तो घेऊन यावा आणि कोकणातल्या गावांच्या यादीशी ती नावे कशी जुळवायची याचा प्रयोग करावा, असे आपण ठेवलेत तर मराठी येत नसलेली माणसेही येतील. हे काम संस्थेच्या नियमांनी आणि कुटुंबांच्या परवानगीनेच करायला हवे. लोकांच्या पणजोबांची छायाचित्रे परस्पर इंटरनेटवर चढवलेली कोणाला आवडणार नाहीत.

कोणाच्या वतीने ठेवायची हा प्रश्न राहतो. आमच्या गावोगावच्या मंडळांची 'मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन' ही संघटना आहे आणि महाराष्ट्र भवन आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा महाराष्ट्रातून पाहुणे आले होते. मोठा कार्यक्रम करायचा तर ती जागा योग्य. परंतु पंधरा-वीस माणसांसाठी एखाद्या गावाच्या मंडळाकडे जावे. मंडळाच्या भजनाला दोन-चारदा येऊन बसा, जेवायला थांबा. तुम्ही कार्यशाळेचे बोलण्याआधी लोकच तुम्हाला विचारतील की तुम्ही काय काम करता.

माहेबूर_किनारा

मी मराठी असलो तरी मराठी वस्तीपासून लांब, आग्नेय किनाऱ्यावर राहतो. शिक्षिका ताईंनी सांगितले त्यात एवढेच जोडतो की इथल्या लोकांना एकत्र येण्यासाठी तंत्रज्ञानाचा कार्यक्रम लागत नाही. लोक एकत्र येतातच, तंत्रज्ञान त्यांच्या मागून येते.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे जहाज पॉइंत देस्नीजवळ प्रवाळावर चढले आणि ६ ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले. सुमारे एक हजार टन तेल निळ्या खाडीत पसरले. त्या आठवड्यात माहेबूरच्या धक्क्यावर जे घडले तसे मी आयुष्यात पाहिलेले नाही. उसाचा पाला जाळीच्या लांब पिशव्यांत कोंबायचा, तरंगण्यासाठी आत प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या घालायच्या, तोंड शिवायचे आणि एकामागून एक नळे समुद्रात सोडायचे. हजारो माणसे हे करत होती. केशकर्तनालयांतून केस जमा होत होते, कारण केस तेल धरून ठेवतात. कुठे पाला कमी आहे, कुठे जेवण जास्त झाले आहे, कुठे हातमोजे संपले आहेत, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून आणि फेसबुकवरून क्षणोक्षणी कळत होते. कोणतेही खास ॲप नव्हते. २९ ऑगस्टला पोर्ट लुईत जो प्रचंड मोर्चा निघाला त्याची जमवाजमवही अशाच मार्गांनी झाली.

हे सांगण्याचे कारण असे की त्या वेळचे कितीतरी गट बंद पडले नाहीत. त्यांचे विषय बदलले. आज त्यांवर किनारा-सफाई, पुराचे पाणी, हरवलेले कुत्रे आणि गावच्या जत्रेची तारीख येते. संगणकवाल्यांचे गट तुम्हाला शोधून सापडतील, पण हे गट फक्त शेजाऱ्याकडून मिळतात. घर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात शेजाऱ्याला तेवढे विचारा. तुम्ही सर्व्हर सांभाळता हे कळल्यावर गावातल्या अर्ध्या लोकांचे वायफाय दुरुस्त करावे लागेल, याची तयारी ठेवा.

कोथरूडचा_रहिवासी

ताई, आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एका दुपारी होण्यासारख्या नाहीत हे उघड आहे. पहिल्या वेळी फक्त फोनवरची देवनागरी आणि गाण्यांच्या फायली एवढेच ठेवावे, आणि नोंदींचे काम महात्मा गांधी संस्थेशी बोलल्यावर पुढे घ्यावे, असे वाटते. विसर्जनानंतरचा तिसरा शनिवार चालेल का? आणि पुण्याहून सोबत काय आणावे?

कास्कावेलची_शिक्षिका

तिसरा शनिवार चालेल, मात्र त्याआधी पितृपक्षाच्या तारखा पाहू. वयस्कर मंडळींना त्या दिवसांत बोलावणे बरे दिसत नाही आणि वह्या तर त्यांच्याकडेच आहेत. सकाळी दहाला सुरू करून तीनपर्यंत संपवावे, म्हणजे बसने येणारे उजेडी घरी पोहोचतात. जेवणाचे मंडळ पाहील. डाळपुरी असेल, तिची चव आपल्या पुरणपोळीशी ताडून पाहू नका. येताना मुलांची मराठी गोष्टींची पुस्तके आणलीत तर शाळेला उपयोगी पडतील, मोठ्या टाइपातली आणि चित्रांची.

रोझहिलकर

जागेचे मी पाहतो. गावोगावी सोशल वेल्फेअर सेंटर आणि कम्युनिटी सेंटर आहेत, त्यांचे सभागृह अर्ज केल्यावर मिळते; अर्ज मात्र वेळेत आणि कागदावर द्यावा लागतो, तोंडी ठरवलेले शेवटच्या क्षणी लग्नाला दिले जाऊ शकते. प्रोजेक्टर आमच्या गटातून आणतो. पुण्याहून विजेचे अ‍ॅडॉप्टर भरपूर घेऊन या : इथे ब्रिटिश धाटणीचे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट आणि काही जुन्या इमारतींत फ्रेंच पद्धतीचे दोन पिनांचे, आणि आपल्याकडच्या जाड गोल पिना दोन्हींत बसत नाहीत. एक लांब एक्स्टेन्शन बोर्डही टाका बॅगेत. सभागृहात सॉकेट नेहमी एकच असते, आणि ते स्टेजच्या मागे असते.